उंदीरच तर आहे!

गेल्या दोन-अडीच वर्षांत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की माझ्यातली निवृत्त बाई खडबडून जागी होते. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शुद्ध शब्दयोगी अव्ययं शिकवताना मी मुलांना सांगायची, हा 'च' दिसायला एवढासा, पण अख्ख्या वाक्याचा नूर पालटतो. "उंदीर आहे" ही माहिती झाली. "उंदीरच तर आहे" हा निकाल झाला. आणि या निकालावर अपील नाही! शिंकतोय? उंदीरच तर आहे. एकटाच कोपऱ्यात बसून राहतो? उंदीरच तर आहे. मेला? दुसरा आणू, उंदीरच तर आहे...

तर मंडळी, आज या 'च'शी भांडायचंय. लेख लांबेल आणि थोडा तिखटही होईल. उंदीर म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांनीही वाचावा, कारण आज ना उद्या तुमच्या घरातलं एखादं शेंडेफळ "मला रॅट पाहिजे" म्हणून हटून बसणार आहे. कुत्र्याला सोसायटी नाही म्हणते, मांजराचे केस गळतात, मासे बोअर होतात म्हणे. मग आईवडिलांना वाटतं, चला, उंदीर स्वस्तात सुटतोय, आणून टाकू. या "आणून टाकू"वरच माझा राग आहे.

आमच्या घरी दोन उंदीर आले ते नातीमुळे. ती तेव्हा आठवीत होती. दोन्ही माद्या. नावं चकली आणि करंजी. (दिवाळीच्या तोंडावर आल्या म्हणून.) नातीने आणण्याआधी दोन महिने वाचन केलं होतं, वहीत टिपणं काढली होती, आणि वडिलांकडून डॉक्टरच्या खर्चाचं वचन आधी घेतलं होतं. एवढी तयारी आमच्या शाळेत नवे मास्तर रुजू होताना करत नसत. असो.

आधी एक सांगते, उंदराची किळस येणाऱ्यांना मी अडाणी समजत नाही. माझी आजी तिच्या लहानपणच्या प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी घेऊन गावाबाहेर माळावर जायचं, झोपड्या घालून राहायचं, आणि परत येताना कोण कोण उरलं ते मोजायचं. १८९६ साली प्लेग मुंबईत आला, १८९७ साली पुण्यात, आणि पुढे कितीतरी वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. रोग उंदरावरच्या पिसवांमुळे माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखवलं, पण लोकांच्या मनात उंदीर बसला तो बसलाच. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा प्लेगचं नाव निघालं तेव्हा माणसांनी तोंडाला रुमाल बांधले होते, ते मला चांगलं आठवतं. आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली. ही भीती हवेतून आलेली नाही. ती आपण मोजलेल्या माणसांतून आली आहे.

पण ही भीती पिंजऱ्यातल्या प्राण्यावर जशीच्या तशी चिकटवणं बरोबर नाही. पाळीव उंदीर आणि गटारातला उंदीर यांची जात एकच, रॅटस नॉर्वेजिकस. मात्र इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात उंदीर पकडण्याचा धंदा करणाऱ्या जॅक ब्लॅकने वेगळ्या रंगाचे उंदीर न मारता पाळायला आणि विकायला सुरुवात केली. (हा गृहस्थ स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीरपकड्या म्हणवून घ्यायचा!) पुढे १९०१ साली मेरी डग्लस नावाच्या बाईंच्या खटपटीने एल्सबरी गावच्या प्रदर्शनात उंदरांना बक्षिसं मिळायला लागली. १९०६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या उंदरांचा वाण तयार झाला. आपल्याकडे दुकानात मिळणारा लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर या प्रयोगशाळेतल्या मंडळींचाच भाऊबंद. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातात वाढलेला प्राणी आहे हा. त्याची दुखणी वेगळी आहेत. आणि त्यातली बरीचशी आपण त्याला कसं ठेवतो यातून वाढतात, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

आमच्याच इमारतीत एक कुटुंब आहे. माणसं चांगली. मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी एक पांढरा उंदीर आणला. एकच. घरात पोपटाचा जुना पिंजरा होता, त्यात ठेवला. खाली सुताराकडून आणलेला भुसा. पिंजरा बाल्कनीत. खायला टोस्ट, फरसाण आणि कार्टूनमध्ये बघितलं म्हणून चीज! महिन्याभरात तो शिंकायला लागला. मग श्वास घेताना घरघर. मग एक दिवस त्या घरच्या आजी घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या, "अहो बाई, तो रक्ताचे अश्रू गाळतोय. हे काही चांगलं लक्षण नाही."

ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून लालसर रंगाचा स्राव येतो. एरवी उंदीर दिवसभर तोंड पुसत असतो त्यामुळे तो दिसत नाही. आजारपण असेल किंवा ताण असेल तर स्राव वाढतो, पुसण्याचं त्राण राहत नाही, आणि डोळ्यांच्या कडांना, नाकाला लाल सुकलेलं दिसतं. अपशकुन वगैरे काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तापलेलं कपाळ जसं आईला हाताला लागतं तशी ती खूण आहे.

आणि त्या शिंका? बहुतेक सगळ्या पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू लहानपणापासून असतात. आईकडूनच येतात. ते कायमचे जात नाहीत, दबून राहतात. चांगलं ठेवलं तर उंदीर त्यांच्यासकट आयुष्य काढतो. पण हवा कोंडलेली असेल, मुताचा अमोनिया साचला असेल, भुशाची धूळ नाकात जात असेल, किंवा देवदार-पाइनसारख्या लाकडाच्या वासाळ भुशावर त्याला झोपवलं असेल, तर हेच जंतू फुप्फुसात पसरतात. मग अंग फुलवून, पाठ कमानीसारखी करून तो बसून राहतो. वजन उतरतं. कानाजवळ धरला तर छातीत खरखर ऐकू येते. या पायरीला डॉक्टरने वजन करून, हिशेबाने प्रतिजैविक दिलं तर पुष्कळ उंदीर सावरतात. हळदीचं दूध पाजून नाही. आणि घरात उरलेल्या माणसांच्या गोळीचा चतकोर कुटून तर मुळीच नाही. (हा प्रयोग त्यांच्याकडे झाला होता.)

मी म्हटलं, डॉक्टरकडे न्या. त्यावर त्या मुलाचे वडील हसले. "काकू, पोराच्या चपला याच्यापेक्षा महाग आहेत. उंदरापेक्षा डॉक्टरची फी जास्त होईल!"

हा हिशेब मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की त्याचं उत्तर पाठ झालंय. पायात काटा मोडला तर काट्याची किंमत किती? शून्य. तो काढायला डॉक्टर पैसे घेतो तेव्हा आपण म्हणतो का, की काटा फुकटचा आणि फी तीनशे? आपण पैसे मोजतो ते ठणका थांबावा म्हणून. उंदराची दुकानातली किंमत आणि त्याला श्वास घेता येत नाही ही गोष्ट यांचा एकमेकींशी संबंधच नाही. स्वस्तातल्या उंदराला धाप स्वस्तात लागत नाही. आणि जरा आपल्या औषधांच्या डब्याकडे बघा. मी रोज रक्तदाबाची गोळी घेते. माणसाला देण्याआधी औषधं उंदरांवर तपासतात हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आपल्या गोळीसाठी तो चालतो, त्याला गोळी द्यायची म्हटली की मात्र हिशेब निघतो!

पुढे काय झालं ते जास्त वाईट आहे. मुलाला परीक्षा आली, उंदराला वास यायला लागला, आणि एका रविवारी सकाळी ते त्याला नदीकाठी सोडून आले. "मुक्त केला" असं मला जिन्यात सांगितलं. आजींनी वर "पुण्य लागलं" असंही म्हटलं.

मुक्त? पिंजऱ्यात जन्मलेला, ज्याने कधी माती उकरली नाही, कधी अन्न शोधलं नाही, ज्याला लाल डोळ्यांमुळे धड दिसत नाही, आणि जो पांढराशुभ्र असल्यामुळे शंभर फुटांवरून कावळ्याला दिसतो, तो प्राणी आजारी अवस्थेत मुठेच्या काठावर सोडणं याला मुक्ती म्हणायचं? आपण मराठी माणसं शब्दांना फार लवकर सोवळं नेसवतो. सोडून दिला, निसर्गात सोडला, देवाच्या हवाली केला... टाकून दिला असं म्हणा ना सरळ. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा आहे, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव अशी व्याख्या आहे. म्हणजे उंदीर त्यात आला. प्राण्याची भुकेतहानेने तडफड होईल अशा जागी त्याला विनाकारण टाकून देणं, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ठरलेला! एका वडापावात दोन गुन्हे बसतील. तेव्हा कायद्याचा धाक दाखवण्यात अर्थ नाही हे मला कळतं. निदान पुण्याचा हिशेब तरी मांडू नका.

त्या उंदराचा खरा आजार मात्र शिंकांच्याही आधी सुरू झाला होता. तो एकटा होता. उंदीर हा कळपाचा प्राणी आहे. एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपणं, एकमेकांचे केस चाटणं, लटकी कुस्ती, हे त्याचं जगणं आहे. चकली-करंजी जुन्या सुती साडीच्या झोळीत अशा गुंतून झोपायच्या की शेपट्या मोजल्याशिवाय कुठली कुठे ते कळायचं नाही. अमेरिकेत याक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की गुदगुल्या केल्या की उंदीर आपल्या कानाला न कळणाऱ्या बारीक आवाजात हसण्यासारखा चिवचिवाट करतात. २०११ साली शिकागोच्या प्रयोगात असं दिसलं की नळीत अडकलेल्या सोबत्याला उंदीर दार उघडून सोडवतात, समोर चॉकलेट ठेवलं तरी. बर्लिनमध्ये २०१९ साली त्यांना माणसांशी लपंडाव खेळायला शिकवलं गेलं, आणि ते राज्य घ्यायलाही शिकले! असा प्राणी तुम्ही पोपटाच्या पिंजऱ्यात एकटा ठेवता, आणि मग तक्रार करता की तो चावतो, सुस्त झालाय, अंगावरचे केस उपटतो.

चावण्याचंच घ्या. "चावरा निघाला" असं लोक म्हणतात, जणू आंबा आंबट निघाला. गजांमधून बोटाने खाऊ भरवला की उंदीर शिकतो, गजांतून जे आत येतं ते खायचं. मग रिकामं बोट आलं तरी तो दातच लावणार. यात त्याचं काय चुकलं? खाऊ तळहातावर, दार उघडून द्यायचा, पंधरा दिवसांत सवय बदलते. झोपेतून ओढून काढला तर चावेल. दुखत असेल तर चावेल. पाच-सहा महिन्यांचा नर वयात येताना अंग फुगवून धाकदपटशा करायला लागतो. तो फारच वाढला तर डॉक्टर नसबंदी करतात आणि पुष्कळदा स्वभाव निवळतो. आणि लाल डोळ्यांचा उंदीर एका जागी उभा राहून डोकं सावकाश डावीकडे-उजवीकडे डोलवत असेल तर त्याच्या अंगात आलेलं नाही! त्याला कमी दिसतं, डोकं हलवून तो अंतराचा अंदाज घेत असतो. डोकं सतत एकाच बाजूला कलतं राहिलं तर मात्र तो कानाचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो, तिथे थांबू नका.

शेपटीला धरून उचलणाऱ्यांचा मला फार संताप येतो. शाळांच्या प्रयोगशाळांतून ही सवय आपल्याकडे पसरली असावी. शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येऊ शकते. दोन्ही हातांची ओंजळ करा, तो आपण होऊन चढतो.

आता चकलीबद्दल. ती दीड वर्षाची असताना नातीच्या हाताला तिच्या पुढच्या पायाच्या बगलेत सुपारीएवढी गाठ लागली. माद्यांमध्ये हे फार आढळतं. उंदराच्या मादीला स्तनाच्या ग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे गाठ कुठेही येऊ शकते. बहुतेक गाठी साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात, पण वाढत राहतात. लिंबाएवढ्या, पुढे संत्र्याएवढ्या होतात, उंदराला चालता येईनासं होतं, कातडी घासून फाटते. लहान असताना काढली तर सोपं जातं. तेलकट, गोडधोड खाऊन लठ्ठ झालेल्या माद्यांना हा त्रास जास्त.

आम्ही जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "आजी, लोक माझ्याकडे उंदीर मारायचं औषध विचारायला येतात, तुम्ही वाचवायचं विचारताय!" आणि मोठ्याने हसले. कंपाउंडरही हसला. रांगेत लॅब्राडोर घेऊन बसलेले गृहस्थही हसले. नात चौदा वर्षांची होती, तिचा चेहरा मी बघितला. डॉक्टरांना उंदरांची माहिती नसेल तर तसं सांगावं, त्यात कमीपणा नाही. सगळ्यांना सगळं येत नसतं. पण चौदा वर्षांची मुलगी मुठीत जीव धरून आणते त्यावर विनोद करणं, हे कुठल्या शिक्षणात बसतं?

शेवटी पक्षी, ससे, कासवं बघणारे एक डॉक्टर मिळाले. त्यांनी गाठ काढली. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं का, असं मी विचारलं, तर नातच म्हणाली, "आजी, उंदराला उलटीच होत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं." डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. खर्च किती आला ते सांगत नाही, कारण सांगितलं की लगेच भागाकार सुरू होईल. चकली त्यानंतर आठ महिने जगली. झोळीत झोपली, माझ्या चष्म्याची दोरी कुरतडली, मटारच्या दाण्यासाठी पिंजऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावरून उडी मारत आली. उंदराचं सगळं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. आठ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. माणसाच्या हिशेबात मांडून बघा.

पण आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द, नाहीतर लेख एकांगी होईल. उंदीरप्रेमींमध्येही एक जमात आहे. "पाळीव उंदरांपासून माणसाला काहीही होत नाही" असं ते छातीठोकपणे सांगतात, त्याच्या तोंडाला तोंड लावतात, स्वयंपाकाच्या ओट्यावर फिरवतात. हेही खोटं आहे. उंदराच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातूनही 'रॅट बाइट फीव्हर' होऊ शकतो. अगदी निरोगी दिसणाऱ्या उंदराच्या तोंडात ते जंतू असतात. ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. अमेरिकेत २०१७ साली घरात उंदीर पाळणारे आणि त्यांची पैदास करणारे यांच्यात सोल विषाणूची साथ आली होती, अकरा राज्यांत ती पोचली, सतरा माणसांना लागण झाली. तेव्हा हात साबणाने धुणं, पिंजरा ओट्यापासून लांब ठेवणं, पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात उंदीर न देणं, चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली धुऊन डॉक्टरला दाखवणं आणि घरी उंदीर आहे हे डॉक्टरला आपण होऊन सांगणं, यात प्रेम कमी होत नाही. घरच्या पिंजऱ्यातली राहिलेली खरकटी खायला बाहेरचा उंदीर रात्री येणार नाही हेही बघायला हवं. रोग तिकडून इकडे येतो.

उन्हाळ्याचं एक सांगायलाच हवं, कारण परदेशी पुस्तकांत ते आपल्या अंगाने येत नाही. उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकूनही तो थंड होत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो. तीसच्या वर पारा गेला की त्याला जड जायला लागतं. आमच्याकडे पुण्यातही एप्रिल-मे म्हणजे कठीण परीक्षा, मग नागपूर-अकोल्याच्या चाळिशीपार उन्हात पत्र्याच्या बाल्कनीत पिंजरा ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? नुसता पंखा पुरत नाही. आम्ही पिंजऱ्यात मातीचं कौल भिजवून ठेवायचो, दोघी त्यावर पोट टेकून पसरायच्या. पिंजऱ्याच्या एका बाजूवर ओला पंचा. जमीन जाळीची असेल तर तळपायांना घट्टे पडून जखमा होतात, म्हणून वर कापड किंवा कागद हवाच.

आणि दुकानदार! २०१८ साली केंद्र सरकारने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम काढले, उंदीरही त्यात येतात. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी हवी, नोंदी ठेवायला हव्यात. तुम्ही कधी दुकानात जाऊन नोंदणीचा कागद मागून बघा, मग कसे चेहरे होतात ते मला सांगा. एका काचेच्या पेटीत नर-मादी सगळे एकत्र. उंदराची मादी पाच-सहा आठवड्यांची असताना वयात येते आणि एकवीस ते तेवीस दिवसांत विते. एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज. म्हणजे "एक द्या" म्हणून आणलेली मादी घरी येऊन दहा देते, आणि मग पुन्हा नदीकाठ आहेच मुक्तीला! विकणाऱ्याला नर-मादी ओळखता येत नसेल, तर त्याने उंदीर विकू नयेत, खडू-पाटी विकावी.

मला कोणी विचारलं (आणि हल्ली जुने विद्यार्थी विचारतात, "बाई, मुलाला रॅट घेऊ का?") तर मी आधी एवढंच विचारते, तुमच्या गावात उंदराला हात लावणारा डॉक्टर कोण आहे ते शोधलंत का? आधी डॉक्टर, मग उंदीर. आणि घ्याल तर एकाच लिंगाचे दोन. दोन झेपत नसतील तर एकही नको. मुलाला जबाबदारी शिकवायला म्हणून तर मुळीच नको. जबाबदारी शिकवायची असेल तर त्याला आधी स्वतःचा डबा घासायला लावा. दहा वर्षांच्या मुलाच्या जबाबदारीची शिकवणी एखाद्या जिवावर का घ्यायची? तो मुलगा कंटाळला की रोजचा पिंजरा तुम्हालाच साफ करायचा आहे, हे कबूल असेल तर घ्या.

यातून एक प्रश्न उरतो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. दोन ठेवले तरी त्यातली एक आधी जाते. चकली गेली तेव्हा नातीने तिला थोडा वेळ पिंजऱ्याजवळ ठेवलं, करंजीने तिला हुंगलं, एकदा ढकललं, आणि बाजूला जाऊन बसली. चार दिवस नीट खाल्लं नाही तिने. आता तिला सोबतीला नवीन पिल्लू आणावं, तर ते पुढे एकटं पडणार, मग त्याला आणखी एक... ही साखळी कुठे तोडायची? नात या वर्षी दहावीला आहे. मुलगा म्हणतो, आता पुरे. सूनबाई म्हणते, आणू या. डॉक्टर म्हणाले, हिचं वय पाहता दांडग्या पिल्लांचा तिला त्रासच होईल, माणसांची सोबत वाढवा.

तर ती वाढवली आहे. संध्याकाळी सात ते नऊ करंजी माझ्याकडे असते. तिचे मागचे पाय आता ओढले जातात, म्हातारपणी बऱ्याच उंदरांचे जातात. म्हणून पिंजऱ्याचे वरचे मजले काढून टाकलेत, पाण्याची वाटी खाली आणली आहे, आणि तिला दाणे भिजवून मऊ करून देतो. मी मांडीवर टॉवेल घालते, ती त्यात शिरते आणि दात बारीक करकर वाजवत बसते. बरं वाटलं की उंदीर तसे दात घासतात. सोमवारी तिला डॉक्टरांकडे न्यायचंय. मुलगा नेणार आहे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. रजेच्या अर्जात कारण काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.